भाच्याने केलेली वेबसाइट

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे त्या दिवशी शेवटचे दोन विषय उरले होते. विषय क्रमांक चार: वेबसाइट तयार करणे. विषय क्रमांक पाच: गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घेणे. वेळ संपत आला म्हणून पाचवा आधी घेतला, तो दीड मिनिटात मंजूर झाला. चौथा तीन बैठका चालला. त्यात पाच वेळा चहा आला आणि एकदा कोषाध्यक्ष रागाने उठून गेले. (चष्मा टेबलावर राहिला म्हणून परत आले.)

वेबसाइट हवी की नको यावर वाद नव्हताच. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाची आहे, म्हणजे आपली हवीच. वाद होता ‘कशात करायची’ याचा. साइटवर लिहायचं काय, हे मी एकदा विचारून पाहिलं. ‘ते नंतर बघू हो, आधी प्लॅटफॉर्म ठरू दे,’ असं अध्यक्ष म्हणाले. घरात तांदूळ आहे की नाही ते नंतर, आधी कुकर कुठल्या कंपनीचा ते ठरू दे.

कोषाध्यक्षांचा भाचा हिंजवडीत आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक संस्थेच्या कोषाध्यक्षाला एक भाचा असतो आणि तो हिंजवडीत असतो. व्हिडिओ कॉलवर येऊन त्याने एका दमात सांगितलं, ‘मामा, रिअ‍ॅक्टमध्ये करू. स्केलेबल होईल.’ स्केलेबल म्हणजे उद्या दहा लाख लोक एकदम आले तरी साइट कोलमडायची नाही. आमचे सभासद चारशेच्या आसपास. त्यातले निम्मे दिवाळी अंकांपुरते.

रिअ‍ॅक्ट वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. फेसबुकने ते स्वतःच्या पानांसाठी घडवलं आणि २०१३ मध्ये सगळ्यांना मोकळं करून दिलं. जिथे लाइक, कमेंट, निरोप, सूचना हे सगळं एकाच पानावर दर क्षणाला हलत असतं, तिथे त्याला तोड नाही. आमच्या वाचनालयात हलतो तो फक्त पंखा. वाचकाला हवं असतं एवढंच: वेळ काय, सोमवारी बंद असतं का, वर्गणी किती, अनामत किती, फोन कोण उचलतं. पाच ओळींचा मजकूर. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न प्रयोगशाळेतून जगातली पहिली वेबसाइट सगळ्यांना खुली केली, तीत मजकूर होता आणि दुवे होते, बस्स. सर्नने तिची प्रत जपून ठेवली आहे. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त मोबाइलवरही ती डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते.

भाच्याच्या पद्धतीत त्या पाच ओळी दाखवायला आधी इतरांनी लिहिलेली शेकडो पुडकी उतरवून घ्यावी लागतात. एका पुडक्याला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. मार्च २०१६ मध्ये याचा एक नमुना सगळ्या जगाने पाहिला. शब्दाच्या डावीकडे ठरावीक रकाने भरून देणं, एवढंच काम करणारं ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पुडकं होतं. नावावरून कुणाशी तरी बिनसलं म्हणून ते लिहिणाऱ्याने आपली सगळी पुडकी उचलून नेली. हजारो प्रकल्प जागच्या जागी अडले, त्यात मोठमोठ्या कंपन्यांचेही होते. अकरा ओळी! आमच्या वाचनालयात याहून लांब ‘शांतता राखा’ची पाटी आहे.

भाच्याची एक मैत्रीण डिझायनर. तिने फिग्मात चित्रं काढून पाठवली. फिग्मा हे हत्यार उत्तम, वादच नाही. ते विकत घ्यायला अ‍ॅडोबीने सप्टेंबर २०२२ मध्ये वीस अब्ज डॉलर देऊ केले होते आणि स्पर्धा-नियामकांच्या आक्षेपांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तो बेत सोडून दिला. पण फिग्मातलं चित्र म्हणजे बिल्डरच्या माहितीपत्रकातला निळा तरणतलाव. आमचे अध्यक्ष ‘सभासद व्हा’च्या बटणावर दहा मिनिटं बोट दाबत बसले. मग म्हणाले, ‘नेट स्लो दिसतंय.’ ते चित्र आहे हे त्यांना सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. इतिवृत्तात नोंद झाली: ‘वेबसाइट जवळजवळ तयार आहे.’

आता थोडं स्मशानात जाऊन येऊ.

‘कोडिंग न शिकता वेबसाइट’ हे आश्वासन नवीन नाही. फ्रंटपेज आठवतं? मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतलं, गावोगावच्या संगणक-वर्गांनी त्यावर प्रमाणपत्रं वाटली, २००३ च्या आवृत्तीनंतर गेलं. १९९७ चं ड्रीमवीव्हर अजून श्वास घेतंय म्हणतात, पण ते आजोबांसारखं: आहेत, पण व्यवहार कुणी त्यांना विचारून करत नाही. फ्लॅशमध्ये तर अख्ख्या साइटच्या साइट बांधल्या गेल्या. आधी ‘लोडिंग’चं चक्र, मग संगीत, मग उडत येणारी अक्षरं, आणि फोन नंबर कुठेच नाही. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅशवर तुळशीपत्र ठेवलं आणि त्यात बांधलेलं सगळं दिसेनासं झालं. म्यूज आलं, २०१८ मध्ये त्याची निरवानिरव जाहीर झाली. याहूने १९९९ मध्ये अब्जावधी डॉलर मोजून घेतलेलं जिओसिटीज, लाखो हौशी पानांसकट, दहा वर्षांनी अमेरिकेत बंद केलं.

आणि आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलं उदाहरण हवं असेल तर गूगलचं घ्या. नकाशावर दुकान नोंदवलं की एक फुकट वेबसाइट आपोआप मिळायची. पीठगिरणीवाल्यांपासून शिकवणीवाल्यांपर्यंत कितीतरी जणांनी ती घेतली, कार्डावर पत्ता छापला, रिक्षामागे रंगवून घेतला. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. जूनपर्यंत जुन्या पत्त्यावरून गिऱ्हाईक नकाशावरच्या नोंदीकडे जायचं, मग तेही थांबलं. रिक्षामागचा पत्ता आहे तसाच आहे. रंग बरा होता.

फुकट दिलेलं काढून घेतलं तर तक्रार कुठे करायची? पैसे मोजलेल्यांचं तरी काय वेगळं असतं म्हणा. मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अकरा महिन्यांचा करार, घरमालक गोड बोलणारा, भिंती रंगवलेल्या, पंखे-ट्यूब लावलेल्या. बॅग टाकली की संसार सुरू. विक्स, स्क्वेअरस्पेस अशा ठिकाणी तयार साइट घेणं हे असंच आहे आणि पुष्कळांसाठी ते अगदी बरोबर आहे. नळ गळला तर मालक बघतो. फक्त एक गोष्ट भाडेकरू आधी विचारत नाही: निघताना बरोबर काय नेता येतं? विक्स स्वतःच सांगतं की इथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवता येणार नाही. स्क्वेअरस्पेसमधून काही मजकूर बांधून नेता येतो, सगळा नाही. वेबफ्लो पैसे भरणाऱ्याला पानांचा कोड देतं, पण नोंदी भरायची जी सोय असते ती मागेच राहते. म्हणजे पलंग न्या, पण खोलीचं दार छोटं आहे.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगतोय, कारण आमच्या वाचनालयाने हा मार एकदा खाल्लेला आहे. वेबसाइटच्या बाबतीत नव्हे, त्याच्याही आधी.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या ग्रंथपालांनी अकरा हजार पुस्तकांची यादी संगणकावर उतरवली. दोन उन्हाळे एका खोलीत बसून. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. त्या काळी मराठी टंकलेखन म्हणजे अमुक कंपनीचा फॉन्ट, तमुक कंपनीचा कळफलक, आणि संगणकाच्या मागे लावायचं एक कुलूप. फॉन्ट मराठीचा सदरा घालून यायचा, आतला माणूस इंग्रजीच. संगणकाच्या लेखी ‘क’ म्हणजे कुठलं तरी रोमन अक्षर, रफार म्हणजे टक्क्याचं चिन्ह, असा मामला. मराठी वृत्तपत्रांच्या साइटसुद्धा तेव्हा दारातच म्हणायच्या, आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरीला जागा मिळालेली होती. पण ते आम्हाला सांगणार कोण? विक्रेता तर नक्कीच नाही.

मग संगणक भंगारात गेला, कुलूप हरवलं, कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला. फाइल मात्र शाबूत. आताच्या ग्रंथपालबाईंनी ती नव्या लॅपटॉपवर उघडली तेव्हा मी शेजारीच होतो. पडद्यावर अकरा हजार ओळी: डॉलर, चौकटी कंस, उद्गारचिन्ह, मध्येच डोक्यावर छत्री घेतलेला ‘ए’. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘क्रमांक तेवढे कळताहेत.’ पुढे एका रूपांतरकातून ती यादी युनिकोडमध्ये आणली. जोडाक्षरांचा जागोजागी चुरा झाला होता, तो बाईंनी चार महिने रोज दुपारी बसून निवडला. ‘श्र’चा ‘श’ आणि ‘र’ झालेला, ‘ऱ्य’ तर कुठल्याच रूपात सापडेना.

म्हणून कुणी ‘हे हत्यार फार सोपं आहे’ म्हणालं की मी आत शिरण्याचं दार बघत नाही. मागचं दार कुठे आहे ते विचारतो.

वर्डप्रेसचं नाव अर्थातच निघालं. २००३ पासूनचं, मुक्त परवान्याचं, जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट त्यावर चालतात. मला ते स्प्लेंडरसारखं वाटतं. देखणी नाही, पण कुठल्याही गावात मेकॅनिक मिळतो आणि गाडी आपल्या नावावर असते. मागचं दारही सताड उघडं: मजकूर, फोटो, सगळं बांधून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतं.

पण आपली माणसं स्प्लेंडरलाही सोडत नाहीत. पुढे दोन हॉर्न, मागे चार दिवे, मडगार्डला झालर. एका पतसंस्थेची साइट मला दुरुस्तीसाठी दाखवली होती. त्यात एकतीस प्लगइन. पाहुणे मोजणारं एक, बर्फ पाडणारं एक. बर्फ! मराठवाड्यात! वर थीम कुठल्या तरी टेलिग्राम चॅनलवरून आणलेली, पैशांची थीम फुकटात. अशा थीमच्या पोटात आणखीही कुणी फुकट येऊन राहिलेलं असतं. गूगलवर त्या पतसंस्थेचं नाव टाकलं की खाली जपानी लिपीत हँडबॅगांच्या जाहिराती दिसायच्या. व्यवस्थापक म्हणाले, ‘साहेब, परदेशातूनही ठेवी येतील का?’

आणि स्लायडर. तो सोडून चालत नाही. अध्यक्षांचा फोटो, मग आमदारांचा फोटो, मग दोघांचा एकत्र, आणि हे सगळं सरकत राहायला हवं. प्रत्येक फोटो फोटोग्राफरने दिला तसाच चढवलेला, पाच-पाच एमबीचा. बैठकीत लॅपटॉपवर छान दिसतं. वाचक बघतो एसटीत, मागच्या सीटवर, घाटात. त्याला ‘आज चालू आहे का’ एवढंच हवंय आणि समोर आमदार येताहेत, कमरेपर्यंत आले, तिथेच थांबले.

मराठीचं एक सांगतो, कारण हत्यार विकणारा ते कधी सांगत नाही. डिझाइन नेहमी इंग्रजी मजकुरावर होतं आणि मराठी नंतर ओतली जाते. इंग्रजी शीर्षकाची अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून डिझायनर अक्षरांमधलं अंतर वाढवतो. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि ‘वाचनालय’ हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरची वेलांटी कापली जाते, खालचा उकार पुढच्या ओळीच्या अनुस्वारावर बसतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू केली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन उभी राहते. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं नाही तर कित्येक फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात, आणि मग एखादे सेवानिवृत्त शिक्षक त्यावर तीन पानी पत्र पाठवतात. (त्यांचं बरोबर असतं.) मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्तासारखा फॉन्ट फुकट आणि राजरोस मिळतो, तरीही लोक लग्नपत्रिकेचा फॉन्ट शोधत बसतात.

म्हणून मी एक वाक्य तयार ठेवलंय. कुठलंही हत्यार कुणी दाखवायला आणलं की त्यात ते टाकायला सांगतो: ‘कऱ्हाडच्या विद्यार्थ्यांनी शिर्डीत लिंबू सरबताची किंमत विचारली.’ ठळक करा, मोठं करा, मोबाइलवर बघा, कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, शोधून बघा. ‘कऱ्हाड’ शाबूत राहिलं तर पुढची बोलणी. निम्मे विक्रेते कऱ्हाडलाच उतरतात.

तिसऱ्या बैठकीत अध्यक्षांच्या नातीने सगळ्यांवर मात केली. बारावीतली मुलगी. मोबाइलवर एआयला चार वाक्यं सांगितली, दहा मिनिटांत साइट हजर. या प्रकाराला ‘वाइब कोडिंग’ म्हणतात. आंद्रेय कार्पथींनी २०२५ च्या फेब्रुवारीत हा शब्द काढला. साइट खरोखर चांगली दिसत होती. वरच्या फोटोत चार हसरे परदेशी तरुण, हातात कोरी पुस्तकं. खाली ‘आमच्या समाधानी ग्राहकांचे अभिप्राय’. तिन्ही ग्राहक अस्तित्वात नसलेले. एकाने लिहिलं होतं की या वाचनालयामुळे त्याच्या व्यवसायाची उलाढाल दुप्पट झाली. कोषाध्यक्षांनी तो अभिप्राय दोनदा वाचला. वेळ होती सकाळी नऊ ते रात्री नऊ, सातही दिवस. आमचा शिपाई ते ऐकून पांढरा पडला.

पुस्तकांची यादी शोधायची सोय भाचा स्वतः लिहिणार होता, तीन महिन्यांत. कोहा नावाची प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका वाचनालय-संस्थेसाठी बनली आणि २००० सालापासून ती जगभर फुकट वापरली जाते, हे मी सांगितलं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. भाचा म्हणाला, ‘तिचा यूआय जुना वाटतो.’ जुना वाटतो खरा. वाचनालय आहे.

शेवटी विषय निघाला आमच्या जुन्या साइटचा. होय, होती. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मुलाने केलेली. ती कशात केली होती हे आता कुणाला आठवत नाही, आणि त्याने काही अडतही नाही. अडलं ते दुसरीकडेच. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्या मुलाने स्वतःच्या ई-मेलवर घेतलं होतं. वर्षाला हजाराच्या आसपास खर्च. मुलगा आधी पुण्याला गेला, मग कॅनडाला. नूतनीकरणाची स्मरणपत्रं त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिली. पत्ता सुटला, कुणीतरी उचलला. आता तिथे रमी खेळायचं आमंत्रण येतं. आमच्या पावतीपुस्तकावर मात्र अजून तोच पत्ता छापलेला आहे. पुस्तकं संपेपर्यंत तीच वापरायची असा ठराव आहे.

तर निर्णय असा झाला. साधी पाच पानं. भाच्यानेच केली, एका रविवारी, रिअ‍ॅक्टविना. पोरगा हुशार आहे, त्याला कुणी कमी काम सांगितलं नव्हतं एवढंच. डोमेन विश्वस्त संस्थेच्या नावावर, ई-मेल वाचनालयाचा, पासवर्ड दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानावर, नोंदवही कपाटात, किल्ली ग्रंथपालबाईंकडे. सुरक्षातज्ज्ञ यावर कपाळाला हात लावतील. त्यांनी आमचं कपाट पाहिलेलं नाही, ते बाईंनाही दोन झटक्यांशिवाय उघडत नाही.

तुमच्या मंडळाची, सोसायटीची, शाळेची वेबसाइट असेल तर ती कशात केली आहे हे विचारण्यात आजचा दिवस घालवू नका. डोमेन कुणाच्या ई-मेलवर आहे तेवढं विचारा. उत्तर ‘भाच्याच्या’ असं आलं, तर दिवाळीला तो येईल तेव्हा चकल्यांचं ताट पुढे करायच्या आधी पासवर्ड लिहून घ्या.